नकाशातला खड्डा

"तो बिंदू काढून टाक," आमोद सर म्हणाले. "एका क्लिकचं काम आहे. त्याला इंजिनियर लागत नाही."

अस्मिताने माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

कोथरूडच्या त्या तीन खोल्यांच्या ऑफिसात तिच्यासमोर पडद्यावर धायरीच्या एका भागाचा नकाशा उघडा होता. त्यावर बेचाळीस बोअर होते आणि प्रत्येकाला पाणी किती खोल आहे याचा आकडा. मधल्या जागांचा अंदाज संगणक आसपासच्या आकड्यांवरून बांधतो आणि जमिनीखालच्या पाण्याची एक सलग चादर काढून देतो. चादर सुरेख आली होती. पंधरा ते एकोणीस मीटर, सगळीकडे निळी. फक्त एका ठिकाणी, मुक्ताई पोकळे यांच्या बोअरपाशी, ती एकदम एकसष्ट मीटरवर कोसळत होती. निळ्या कापडावर कुणी लालभडक सिगारेट विझवावी तसं दिसत होतं.

"हा काढला तर त्या गल्लीतही भरपूर पाणी दिसेल," ती म्हणाली. "टँकरच्या फेऱ्या पुढच्या महिन्यात याच नकाशावरून ठरणार आहेत, सर."

"पाणी आहेच तिथे. एक्केचाळीस आकडे एकमेकांशी जुळतायत ते काय उगाच? दोन दिवस उन्हातान्हात मी स्वतः घेतलेत. हा एक चुकून फुटांत लिहिला गेला असणार. मीटर करून बघ."

तिने केले. अठरा पूर्णांक सहा. आकडा शेजाऱ्यांमध्ये असा जाऊन बसला, जणू ती जागा त्याच्यासाठीच राखून ठेवली होती.

"बसला ना?" सर म्हणाले. "मग संपलं."

अस्मिता तीन दिवस त्या खड्ड्यामागे लागली होती. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे का, ते पाहिलं. नोंद दोनदा आली आहे का, ते पाहिलं. अंदाज बांधायच्या पद्धती बदलल्या, लांबच्या बिंदूंचं वजन वाढवून पाहिलं. खड्डा कधी रुंद व्हायचा, कधी अरुंद, पण बुजायचा नाही. फुटांचं उत्तर हे पहिलंच असं होतं की ज्याने तो बुजला. तिलाही ते मान्य करून घरी जायला आवडलं असतं.

"पण कागदावर फूट असं कुठेच लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "मोजल्याशिवाय मी आकडा बदलणार नाही."

"सोमवारी अहवाल जातोय. पुन्हा मोजणी आपल्या कामात धरलेली नाही."

"मग अहवालावरून माझं नाव काढा. तेही एका क्लिकचंच काम आहे."

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "रविवार तुझा आहे," ते शेवटी म्हणाले. "उन्हात घालवायचा तर खुशाल घालव. नोकरीचं आपण सोमवारी बोलू."

रविवारी सकाळी तिने दीक्षाकडून, म्हणजे कॉलेजातल्या मैत्रिणीकडून, पाण्याला टेकली की वाजणारी टेप मागून आणली आणि स्कूटरवर पायांपाशी ठेवून धायरी गाठली. गल्लीत दारोदार निळे ड्रम उभे होते. टोकाला मुक्ताईंची पिठाची गिरणी होती. बाई साठीच्या, भुवयांवर पीठ बसलेलं.

"पुन्यांदा मोजायचं?" त्यांनी विचारलं. "येकदा मोजलंय की."

"मावशी, तुमचा आकडा कुणालाच पटत नाहीये."

"न पटू दे. पानी काय पटवून घेऊन वर येतंय व्हय?"

बोअर गिरणीच्या मागे होता. अस्मिताने बोअरच्या तोंडावरची टोपी काढून टेप आत सोडली. पंधरा झाले. अठरा झाले. एकोणिसाव्या मीटरला तिने हात थांबवला आणि कान दिला. काही नाही. तिने पुन्हा सोडायला सुरुवात केली. तीस. चाळीस. पन्नासला खांदा भरून आला. मुक्ताई पदराने कपाळ पुसत शेजारी उभ्या होत्या.

एकसष्ट मीटर चाळीस सेंटिमीटरला टेप वाजली.

अस्मिताने तिथूनच फोन लावला.

"मीटरच आहेत, सर. बिंदू राहणार."

"एका बोअरपायी बाकीचे एक्केचाळीस खोटे ठरवायचे का, अस्मिता?"

"नाही. पण बाकीच्यांसाठी हा एक खोटा ठरवू देणार नाही. उद्या तुम्ही काढलात, तर ज्यांच्याकडे अहवाल जातोय त्यांना मी या टेपचा फोटो पाठवीन. नोकरीचं काय ते मग तुम्ही ठरवा."

तिने फोन ठेवला तेव्हा मनातून मोकळं वाटत होतं. ती टेप गुंडाळू लागली. मुक्ताईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं. ते ड्रममधलं आहे हे चवीवरून कळत होतं.

"तुमचा आकडा बरोबर निघाला, मावशी," ती म्हणाली. "एकच कोडं राहिलं. भिंतीपलीकडच्या बोअरला सोळा मीटरवर पाणी, समोरच्याला सतरावर. सगळ्या गल्लीत वर, आणि तुमच्याच इथे एवढं खाली कसं?"

मुक्ताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"समोर कवा गेलं तुमचं सायेब? दोनी दिस हितं माज्या पायरीवर सावलीला बसून वही भरत व्हते. मी हटून बसले, म्हनून ह्या येवढ्या येका बोरात टेप सोडली त्यांनी."