धुऱ्यावरचा गूळ

"तू बांधवर बठ, भागाबाई. आज बठ्ठं वावर मी पेरसू," म्हणत अभिमनआबांनी तिच्या गळ्यातली बियाण्याची झोळी काढून घेतली.

सगळं वावर आबा स्वतः पेरणार, हे ऐकून भागाबाई हबकली. वावर आबांचं, हे खरं. पण आबा धुळ्याला राहायला गेल्यापासून ते वावर कसत होती ती आणि तिचा नवरा झुलाल, निम्म्या वाट्याने. आबा यायचे ते फक्त पेरणीच्या मुहूर्ताला. मालकाने पाभरीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरून पहिलं तास, एक ओळ, पेरायचं, शेताच्या टोकाला धुऱ्यावर पोचलं की झोळी कसणाऱ्याच्या हाती द्यायची आणि त्याने दिलेला गुळाचा खडा तोंडात टाकून सावलीला बसायचं, अशी रीत होती.

आज मात्र आबा मुंडासं आवळून पाभरीपाशी उभे होते. कारण बांधाशी गाडी उभी होती, गाडीत सरकारी ज्वारीच्या बियाण्याचं पोतं होतं आणि शेजारी शेतकीचे नवे साहेब. दुसऱ्या महायुद्धाचं चौथं वर्ष. बाजारात ज्वारी औषधालाही मिळेना. सवलतीचं बियाणं मालक मंडळी उचलतात, धुळ्यात विकून मोकळी होतात आणि वावरात कपाशी लावायला सांगतात, हे साहेबांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी यंदा शिंदखेड्याच्या गावागावांत दवंडीच पिटली: चाड्यावर ज्याचा हात, त्यालाच पोतं! ती ऐकून भागाबाईला नाचावंसं वाटलं होतं. घरचं बी जेमतेम झोळीभर; वर्षभराची भाकरी त्या पोत्यात होती.

झुलालने बैल हाकारले. आबांची मूठ चाड्यावर गेली आणि भागाबाई हिरमुसली. म्हातारा मूळचा शेतकरी, हात काही विसरला नव्हता. दाणे कसे सरसर नळ्यांतून उतरत होते.

"वा आबा, वा!" बांधावरचे लोक ओरडले. साहेबांनीही मान डोलावली. गाडीवानाला म्हणाले, "सोड पोतं. हे तर स्वतःच पेरतात."

तास संपत आलं. एकाएकी भागाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती उठली, भाकरीच्या गाठोड्यातून गूळ काढला आणि लुगडं सावरत धुऱ्याकडे पळत सुटली. बैल धुऱ्यावर आले तेव्हा ती दरसालच्या जागी उभी होती, तळहातावर गुळाचा खडा घेऊन.

आबा घामाघूम झाले होते, पण लोकांच्या वाहवेने स्वारी खुशीत होती. समोर गूळ दिसला आणि त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी चाड्यावरचा हात काढला, झोळी तिच्या गळ्यात अडकवली आणि खडा तोंडात टाकला.

"धर व भागाबाई, आते तुन्हं काम," म्हणाले आणि आरामात निंबाच्या सावलीकडे निघाले.

जरा पुढे जाऊन ते थबकले. तोवर साहेब पोट धरून हसत होते. गाडीवानाने पोतं धुऱ्यावर आणून ठेवलं, थेट भागाबाईच्या पायाशी.

आबांना ओरडायचं होतं, पण तोंडात गूळ.

भागाबाईने चाड्यावर मूठ धरली. "बठा आबा सावलीले," ती म्हणाली. "तुमनं दरसालनं काम व्हयी गयं."