तुटक्या पायाचा पी

"आधी खा, मग तोफखाना बघ," म्हणत लूएलाने केकची बशी वेंडेलपुढे सरकवली.

वेंडेलने बशी तशीच बाजूला सारली. लूएलाच्या नवऱ्याला, ग्रोव्हरला, पुरून तीन आठवडे झाले होते. त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जुन्या टॉवेलवर, चौदा रिव्हॉल्वरं ओळीने मांडलेली. सगळी दुसऱ्या महायुद्धातली. आणि चौदावं वेंडेलच्या बापाचं.

बाप नौदलात वैमानिक होता. त्याच्या उड्डाणांच्या वहीत रिव्हॉल्वरचा नंबर लिहिलेला होता. तो नंबर वेंडेलने ओहायोतल्या एकूण एक बंदूक-बाजारात शोधला. सापडला मात्र ग्रोव्हरला. बारा वर्षं ग्रोव्हरने ते काचेआडून दाखवलं, हातात कधी दिलं नाही. "मी मेल्यावर बघू," म्हणायचा आणि हसायचा.

वेंडेलने हात पुढे केला.

"थांब ना जरा! पळून चाललंय का ते?" लूएला म्हणाली. "आधी पाचवं बघ. ग्रोव्हरचं लाडकं. लिलाववाला विचारतोय, अस्सल आहे का. तुझ्या शब्दाला मान आहे म्हणे."

"म्हणे काय? आहेच."

कारखाना एक, रिव्हॉल्वर तेच, पण गिऱ्हाइकं दोन. नौदलाच्या कंत्राटातल्या नगांवर सरकारी मालमत्तेचा शिक्का मारायचे. दारूगोळ्याच्या कारखान्यांवरच्या पहारेकऱ्यांना गेलेले नग कोरे. शिक्केवाल्याला भाव तिप्पट. म्हणून जाणकार माणूस आधी शिक्का बघतो.

वेंडेलने भिंग लावलं. 'प्रॉपर्टी'तल्या दुसऱ्या पीचा पाय तुटका होता. त्याने भिंग शर्टाला पुसलं, परत लावलं. एकोणीस वर्षांपूर्वी त्यानेच हे ग्रोव्हरला विकलं होतं.

"काय रे, दारात शेरीफ दिसल्यासारखा चेहरा का झाला?"

"उजेड कमी आहे."

लूएलाने उठून खिडकीचा पडदा वर केला. दुपारचं ऊन टेबलावर पसरलं. "आता?"

वेंडेलची नजर चौदाव्यावर गेली. नकली म्हणावं तर ही विचारणार, मग माझ्या नवऱ्याच्या गळ्यात का मारलंस? मग बापाचं रिव्हॉल्वर गेलंच.

"अस्सल. नौदलाचं कंत्राट."

"नीट बघ. मला घाई नाही."

"चाळीस वर्षं हेच करतोय मी, लूएला."

"मग लिहून दे."

त्याने लिहून दिलं. सही केली, तारीख घातली.

लूएलाने कागद दोनदा वाचला आणि ॲप्रनच्या खिशात ठेवला. त्याच खिशातून एक पाकीट काढलं. "ग्रोव्हरची नि माझी पैज होती. मी जिंकले. जिंकायचं नव्हतं रे मला."

आत ग्रोव्हरचं गिचमिड अक्षर.

'वेंडेल, तू पाचवं विकलंस त्याच उन्हाळ्यात तुझ्या गॅरेजात स्क्रू शोधताना मला शिक्का मारायचा लोखंडी ठसा सापडला, तुटक्या पायाच्या पीचा. मी तो खिशात घातला. कारखान्याला पत्र टाकलं. उत्तर आलं, हा नग पहारेकऱ्यांचा, कोराच गेलेला. मी कुणाला बोललो नाही. तू स्वतःहून सांगशील म्हणून वाट बघितली. लूएलाने विचारल्यावर तू एकदा जरी नकली म्हणालास, तर तुझ्या बापाचं रिव्हॉल्वर कपाटात आहे, ते तुझं, फुकट. अस्सल म्हणालास, तर कपाटातलं उद्या शेरीफकडे वितळायला जाईल आणि टेबलावरचं चौदावं तुला.'

वेंडेलने मान वर केली. लूएला बशी विसळत होती.

"घेऊन जा ते," ती पाठमोरीच म्हणाली. "टॉवेलसकट."

त्याने चौदावं उचललं. नंबर बरोबर होता, बापाच्या वहीतलाच. मग ते उन्हात तिरकं धरून त्याने शिक्क्यावर भिंग लावलं.

दुसऱ्या पीचा पाय तुटका होता.