ठणठणीत बाईचं रक्त

तनुजाची बोटं सकाळी सुजायची, आखडायची. हडपसरच्या कंपनीत दिवसभर कीबोर्ड बडवल्यावर दुसरं काय होणार, असं तिच्या आईचं, धायरीच्या सोजरबाईंचं, रोखठोक मत होतं. पण रक्त तपासलं आणि डॉक्टर म्हणाले, "सांध्यांचा आमवात आहे. औषधं आजच सुरू करू. उशीर केलात तर बोटं कायमची वाकडी होतील."

सोजरबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. हा डॉक्टर आणि तो लॅबवाला, दोघांचं साटंलोटं त्यांना न सांगता कळलं होतं. गावच्या जमिनी विकून लोकांच्या हातात पैसा आल्यापासून धायरीकर दिसला की जो तो सुरीला धार लावूनच बसलेला!

"एक गोळी घ्यायची न्हाई," त्यांनी पोरीला दरडावलं. "आधी माझं रक्त तपासा म्हणावं. मी ठणठणीत बाई, कधी दवाखान्याची पायरी चढली न्हाई. मलाबी त्योच रोग निघाला, तर हे चोर हायती. समजलीस?"

निघाला. तोच.

"घ्या! धरला का न्हाई चोर?" रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर आपटत सोजरबाई गरजल्या.

डॉक्टरांनी रिपोर्टकडे पाहिलंच नाही. त्यांनी टेबलावरच्या त्या हाताकडे पाहिलं. "मावशी, सकाळी उठल्या उठल्या मूठ वळते का हो तुमची?"



"उठल्या उठल्या कुणाची वळती? तासभर कोमट पाण्यात हात धरायचा, मग वळती. माझ्या आईचंबी तसंच हुतं. समद्याच बायकांचं आसतंय की!"