दामोदररावांचे रंगीत फोल्डर

"हा लाल कशाचा?" दामोदररावांनी चौथ्यांदा विचारलं.

त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई चष्मा सावरत स्क्रीनकडे बघत राहिल्या. "घराचे कागद," त्या म्हणाल्या.

दामोदररावांनी कपाळावर हात मारला. लाल म्हणजे हॉस्पिटल! छत्तीस वर्षं त्यांनी बंगळुरूच्या सरकारी कारखान्यात माल तपासला होता. नापास मालाला लाल चिठ्ठी, अडकलेल्याला पिवळी, पास झालेल्याला हिरवी. त्याच हिशेबानं दुखण्याचे कागद लाल, विम्याचे पिवळे, घराचे हिरवे. त्यासाठी इंटरनेटवरून एक इवलंसं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं. फोल्डरवर राइट क्लिक करायचं, रंग निवडायचा, झालं.

बाईंचं म्हणणं, लाल रंग कुंकवाचा. तो दुखण्याला कसा द्यायचा?

आता ह्यावर माणसानं बोलावं तरी काय!

डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, हृदयाची झडप महिन्याभरात बदला, नाहीतर काही खरं नाही. दामोदररावांनी साफ नकार दिला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी छाती कापून घ्यायची नाही म्हणजे नाही. लेक प्रांजली इंदिरानगरहून आली, रडली, भांडली, परत गेली. "तुझ्या आईला कागद सापडायला लागले की मी मोकळा," एवढंच त्यांनी तिला ऐकवलं.

म्हणून बसवनगुडीतल्या त्या घरात रोज कॉफीनंतर शिकवणी. तीन आठवडे झाले. बाईंच्या डोक्यात काही शिरेना. दामोदररावांनी हॉस्पिटलच्या फोल्डरवर इंजेक्शनचं चित्र लावलं, तर बाई म्हणाल्या, पेन आहे. ते ओरडले आणि ओरडून धापा टाकत बसले. बाई पाणी घेऊन आल्या.

एकदा माउस फिरवताना दामोदररावांचाच हात चुकला. "अहो, डिलीट होईल ते," बाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. त्यांनी पटकन हात मागे घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी हिरवा दाखवला. बाई म्हणाल्या, विमा.

दामोदररावांनी लॅपटॉप मिटला. इतकं हताश त्यांना कधीच वाटलं नव्हतं. मग त्यांनी प्रांजलीला फोन लावला.

"डॉक्टरांना विचार, कधी भरती होऊ. ह्या बाईला टाकून मरायचीही सोय नाही."

ऑपरेशनच्या सकाळी प्रांजली त्यांच्याबरोबर होती. बाई डबा घेऊन मागून निघणार होत्या. काउंटरवर दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट आणि विम्याचं पत्र मागितलं. ते घरी लॅपटॉपमध्ये होते, प्रांजलीकडे नव्हते. बाबांना विचारावं तर तेवढंच निमित्त करून ते उठून घरी निघायचे. तिनं बाजूला जाऊन आईला फोन केला. शेजारच्या हेमलताअक्कांना बोलाव, त्या लॅपटॉपमध्ये शोधून देतील, असं ती घाईघाईनं सांगू लागली.

"थांब जरा," बाई म्हणाल्या.

फोन चालू असतानाच प्रांजलीच्या मोबाइलवर दोन्ही कागद येऊन पडले. तिनं ते उघडून पाहिले. तेच होते.

"आई, तुला हे येतं?"

"पहिल्याच दिवशी आलं होतं. हळू बोल, त्यांना आत नेईपर्यंत कळता कामा नये."