वकीलसाहेबांची दौत

"ही तर अजून जुनीच दिसतेय की!" वकीलसाहेबांनी दौत खिडकीच्या उजेडात धरली.

सतरा दिवस सूनबाई या फ्रेंच दौतीवर काम करत बसली होती. स्फटिकाच्या दोन्ही कुप्यांच्या तळाशी दगड झालेली शाई तिने भिजवून भिजवून काढली. संगमरवरी बैठकीची चीर बुजवली. बैठकीभोवतीच्या कांस्याच्या वेलीवरची काजळी कापसाच्या बोळ्याने पानापानावरून टिपली, तेव्हा कुठे खालचं सोनं वर आलं होतं. मऊ, किंचित लालसर.

"जुनीच आहे ती, साहेब. हा मुलामा मूळचा आहे."

"असेल हो. पण परवा माझ्या ऑफिसचं उद्घाटन. चार लोकांच्या डोळ्यांत भरली पाहिजे."

"तेवढी चकाकी हवी तर पॉलिशच्या चाकावर धरावी लागेल. सगळं सोनं जाईल. खालचं पिवळं कांस्य उघडं पडेल."

"मग पिवळंच हवंय मला!"

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. जुन्या वस्तू दुरुस्त करण्याचं हे दुकान त्यांचं. बोळा कसा धरायचा तेही त्यांनीच शिकवलेलं. ते काहीतरी बोलतील म्हणून ती थांबली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वस्तू त्यांची आहे, सूनबाई."

"अहो बाबा, तुम्हीच ना सांगितलं होतं, की मूळ मुलाम्याला..."

"सांगितलं होतं." बाबांनी उठून बटण दाबलं. चाक घरघरू लागलं.

कुप्या बाजूला काढून त्यांनी दौतीसाठी हात पुढे केले. दोन्ही हात थरथरत होते. वर्षभर हे असंच चाललं होतं. वेलीची पानं कागदासारखी पातळ. चाकात एक जरी अडकलं असतं तरी अख्खी वेल उपटून आली असती.

"सरका," ती म्हणाली. "मीच करते."

अर्ध्या तासात सगळं आटोपलं. काळी भुकटी तिच्या मनगटांवर, पदरावर उडत राहिली. रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता. वकिलाचा, बाबांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा. एकदाही चुकत नव्हते मेले.

"वा! हे आधीच करायला काय झालं होतं?" वकीलसाहेब खूश झाले. त्यांनी दौत फिरवून पाहिली, मग उलटी केली. "हे एक राहिलं बघा. या पानाच्या खाली. लालसर दिसतंय."

"तिथे हात पोचत नाही," सूनबाई म्हणाली.

वकीलसाहेबांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी दौत जवळ घेतली. करंगळी त्या पानाखाली घालून त्यांनी ते अलगद चाचपलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"नाही पोचत," ते म्हणाले.