पट्टेरी

घरी गोगलगायी वाढवून विकायच्या, असं सासू-सुनेनं ठरवलं होतं. शोभेच्या माशांच्या दुकानात सुनेला एक पट्टेरी गोगलगाय फार आवडली.

"ती नको," दुकानदार म्हणाला. "अंडी घालते, पण टाकीतल्या गोड्या पाण्यात एकही जगत नाही. या सोनेरी घ्या, बघता बघता टाकी भरेल."

सून मागं सरकली. तिसऱ्या खेपेचं बाळही पोटातच गेलं, त्याला फार दिवस झाले नव्हते.

सासूनं सोनेरी निवडल्या. मग पट्टेरीकडे बोट दाखवलं. "हीसुद्धा द्या."

"अहो काकू, पिल्लंच होणार नाहीत, तर विकाल काय?"

"बाकीच्या विकू," सासू सुनेचा हात धरत म्हणाली. "ही आमच्या घरातली."