गाजरात गाजरच

ढब्बूने गाजराचा तुकडा बोटांनी मधोमध मोडला, दोन्ही अर्धे उजेडाकडे धरून निरखले आणि ताटलीत परत ठेवले.

"ह्यात काय लपवलंयस?"

"गाजरात गाजरच आहे गं," आई म्हणाली.

ढब्बू आपली नावाचीच. चार वर्षांची, वजन साडेअकरा किलो. सोमवारपर्यंत काटा हलला नाही तर रक्त काढून तपासू, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ह्या वजनापायीच दोन महिने आईचा हा आटापिटा चालला होता. ऑम्लेटमध्ये वाटलेला पालक, भातात बारीक केलेला फ्लॉवर, कुस्करलेल्या केळ्यात अंड्याचा बलक. पोटात गेल्याशी मतलब, तिला कळायला कशाला हवं, हा नणंदेचा सल्ला. आणि कळलंही नव्हतं, फ्लॉवरच्या एका दांड्याने घात करेपर्यंत. मिक्सरच्या पात्यातून तो कसा निसटला कोण जाणे. त्या दिवसापासून ढब्बू पाण्याचा पेलासुद्धा आधी हुंगायची.

आणि काल पाळणाघरातल्या मावशी सांगत होत्या, तुमची लेक कच्ची गाजरं मटामट खाते हो, सशासारखी. आईला वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल बोलतायत. मावशींनी फोनमधला फोटो दाखवला. ढब्बूच होती. दोन्ही गाल फुगलेले.

म्हणून आज आईने सुट्टी घेतली. गाजर धुतलं, सोललं, कापलं. वाटलं नाही की किसलं नाही. भात वेगळा, वाटाणे वेगळे, गाजर वेगळं. इतकं सरळ काही करायची सवयच गेली होती. सुरी चालवतानाही आपलं काहीतरी राहून गेलंय असं तिला वाटत होतं.

"मावशीकडे खातेस ना हेच?"

"तिथे गाजर असतं."

"मग हे काय आहे?"

ढब्बूने खांदे उडवले. "मला काय माहीत? तू केलंयस."

रागवावं, तर पोरीचं चुकलं कुठे? शपथ घ्यावी, तर कुणाची? खोटं बोलत होती तेव्हाही हेच तोंड होतं, हाच लाडीगोडीचा आवाज. आता खरं सांगायला दुसरा आवाज आणायचा कुठून? आईने एकदा घसा खाकरून पाहिला. तरी तोच निघाला.

"खरंच काही नाही घातलेलं."

"मग तू खा आधी."

आईने एक तुकडा तोंडात टाकला. छान गोड होता. ती चावत राहिली, ढब्बू तिच्या जबड्याकडे बघत राहिली.

"गिळलंस?"

आईने मान हलवली. तेवढ्याने भागलं नाही. ढब्बू खुर्चीवर गुडघ्यांवर उभी राहिली, पुढे वाकली आणि आईची हनुवटी तिने चिमटीत धरली.

"आ कर."

आईने आ केला.

"जीभ वर."

आईने जीभ वर केली.